झाकून ठेवलेली गाडी

गाड्या दोन. कंपनी एक, मॉडेल एक, रंगही एकच, पांढरा. 2022 च्या दसऱ्याला झेंडूच्या माळा घालून दोन्ही गाड्या देवगड तालुक्यातल्या एका सड्यावर चढल्या आणि शेजारीशेजारी उभ्या राहिल्या. मध्ये फक्त जांभ्याचा गडगा. अल्याड थोरलं घर, पल्याड धाकटं. थोरल्या घरचे आबा बँकेतून निवृत्त होऊन डोंबिवलीत स्थायिक झालेले. धाकट्या घरचे भाई गावातच, कलमांच्या बागेवर आणि दोन खोल्यांच्या निवास-न्याहारीवर संसार चालवणारे. दोघे चुलत भाऊ. त्यांच्यात जमिनीचा वाद नव्हता हे आधीच सांगून टाकतो, कारण कोकणातल्या दोन घरांची गोष्ट म्हटली की वाचक पहिल्यांदा तोच शोधतो.

दोघांनी विजेवरची गाडी घेतली ती वेगवेगळ्या हिशेबानं. भाईंना पाहुणे कणकवली स्टेशनवरून आणावे लागत, परत सोडावे लागत, मध्ये कुणाला कुणकेश्वर, कुणाला विजयदुर्ग दाखवावा लागे. पेट्रोलच्या बिलानं ते टेकीला आले होते. आबा गावी यायचे गणपतीला, शिमग्याला आणि जमलंच तर मे महिन्यात. एरवी घर बंद. गाडी गावातच ठेवायची होती, म्हणून त्यांनी शोरूममध्येच विचार मांडला होता: ‘पेट्रोलची गाडी बंद राहिली की बिघडते. हिला इंजिनच नाही, तर बिघडणार काय?’

ऐकायला हा विचार बिनतोड होता. भाईंनाही तो पटला होता. इंजिन ऑइल नाही, प्लग नाही, सायलेन्सर नाही. वायर लावायची आणि झोपायचं. म्हणजे सुरुवातीला दोघेही सारखेच चुकलेले होते. पुढं जे झालं ते एक शहाणा आणि एक मूर्ख असल्यामुळं झालं नाही. भाईंची गाडी रोज रस्त्यावर होती, म्हणून तिच्या तक्रारी रोज कानावर पडत होत्या, एवढंच.

पहिला धक्का बसला तो भाईंनाच, मार्च महिन्यात. रात्री जेवून त्यांनी नेहमीप्रमाणं गाडी चार्जिंगला लावली आणि चार्जरवर लाल दिवा लागला. काढून लावली, पुन्हा लाल. घरात वीज होती, पंखा फिरत होता, फ्रिज गुरगुरत होता, आणि गाडी म्हणत होती की मी ही वीज घेणार नाही. सकाळी कणकवलीला मुंबईच्या गाडीनं पाहुणे उतरणार होते. भाईंनी शेजारच्या वाडीतून रिक्षा सांगितली आणि दिवसभर गाडीकडं पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्यानं होल्डरला दोन वायरी जोडलेला साधा बल्ब आणला होता. फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला, बल्ब लख्ख पेटला. फेज आणि अर्थिंगमध्ये धरला, तर नुसता लालसर उजेड. तो काही न बोलता घरामागं गेला आणि अर्थिंगच्या खड्ड्यावरची फरशी त्यानं बाजूला केली. आत कातळाची भुकटी, एकदम सुकी. लोखंडी पाइप हाताला लागला तसा पापुद्र्यांनी सुटून आला.

‘मातयेक तान लागली हा, भाईनू,’ तो म्हणाला. ‘पानी घाला.’

जांभा पाणी धरत नाही. पावसाळ्यात तो भिजलेला असतो तोवर अर्थिंग ठीक लागतं. फेब्रुवारी सरली की कातळ आतून सुकतो आणि जमिनीकडं जाणारी विजेची वाट अडते. ही गोष्ट त्या घरात वर्षानुवर्षं घडत होती. त्याच अर्थिंगवर मिक्सर, पंप, फ्रिज चाललेच होते, कारण ती यंत्रं विचारत नाहीत. चार्जर मात्र वीज घेण्याआधी अर्थिंग तपासतो आणि ते पुरेसं नसेल तर सरळ नकार देतो. भाईंना तो नकार म्हणजे गाडीचा नखरा वाटला होता. खरं तर घरातल्या प्रत्येक माणसाच्या जिवावरचा धोका गाडीनं पहिल्यांदा तोंडानं बोलून दाखवला होता.

नवा खड्डा मोरीच्या पाण्यावर वाढणाऱ्या माडाच्या आळ्याजवळ खणला. तांब्याचा मुलामा दिलेली सळई, भोवती कोळसा आणि मिठाचे थर. माडाला मीठ घालायची रीत कोकणात जुनीच, त्यामुळं माडाच्या बाजूनं कुणाची हरकत आली नाही. शिवाय मोरीचं पाणी बारा महिने चालू, म्हणजे पाणी घालायचं लक्षात ठेवायलाही नको.

दुसरी तक्रार भाईंच्या बायकोनं पकडली. गावात तिला सगळे काकी म्हणतात, आपणही म्हणू. एका पहाटे ती अंगण झाडताना तिला प्लास्टिक भाजल्याचा वास आला. चार्जिंगचा प्लग काढून पाहिला तर एक पिन तपकिरी झालेली. पॉइंट पंधरा अँपिअरचा होता, त्यात चूक नव्हती. पण गीझर त्यावर पंधरा मिनिटं चालतो आणि गाडी रात्रभर ओढते. त्यात समुद्राची हवा. पितळेच्या पट्ट्यांवर हिरवा-काळा थर धरतो, पिन घट्ट बसत नाही, आणि जिथं वीज अडते तिथं उष्णता होते. वायरमननं तो पॉइंट काढून निळा इंडस्ट्रियल सॉकेट बसवला, मीटरपासून चार चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर ओढली, तिला वेगळा एमसीबी आणि आरसीसीबी. भाईंनी खर्चाचा आकडा ऐकून दोन दिवस तोंड पाडलं. काकीनं मात्र तेव्हापासून एक सवय लावून घेतली. गाडी चार्जिंगला लावून अर्धा तास झाला, की ती अंगणात येते आणि प्लगला हाताची मागची बाजू लावून बघते. प्लग गार असेल तरच ती झोपायला जाते.

भाईंची मुलगी पॉलिटेक्निकला शिकत होती. तिनं त्या मे महिन्यात दोन्ही घरांना अमेरिकेतल्या फिनिक्स शहराची हकीकत सांगितली. ते ऍरिझोनाच्या वाळवंटातलं शहर. तिथं निसानची लीफ ही गाडी ज्यांनी सुरुवातीला घेतली, त्यांच्या डॅशबोर्डवर बॅटरीची क्षमता दाखवणाऱ्या बारा पट्ट्या होत्या. 2012 च्या उन्हाळ्यात लोकांच्या लक्षात आलं, की गाडी जेमतेम दीड वर्षाची आणि पट्ट्या विझायला लागल्या आहेत. त्या गाडीच्या बॅटरीला थंड करायला पाणी नव्हतं आणि गॅसही नव्हता, होती ती केवळ बाहेरची हवा. आणि फिनिक्समध्ये उन्हाळ्यातली बाहेरची हवाच भट्टीतली. लिथियमच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही. काठोकाठ भरलेली असताना तर अजिबात नाही.

हकीकत एकच, पण दोघांनी त्यातून वेगवेगळं उचललं. भाईंनी मुलीला विचारलं, ‘मग आपल्या गाडीचं कसं?’ तिनं गाडीचं पुस्तक उघडून दाखवलं. यांच्या बॅटरीला पाण्याचं कूलिंग होतं. पेशी लिथियम आयर्न फॉस्फेटच्या, म्हणजे निकेलवाल्यांपेक्षा उष्णतेला जरा सोशिक. तरीही दुपारी घाट चढून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नये, तासदोनतास सावलीत निवू द्यावी. रोज ऐंशी टक्क्यांवर थांबावं. अधूनमधून एकदा शंभरापर्यंत न्यावं, कारण या जातीच्या बॅटरीत किती वीज उरली हे मोजणाऱ्या यंत्रणेचा अंदाज मधल्या टप्प्यात चुकत जातो आणि काठ गाठला की तो सुधारतो. शंभर केलं तर ते निघायच्या आदल्या रात्री करावं, भरून ठेवण्यासाठी करू नये. भाईंनी हे भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं. खाली काकीनं स्वतःची एक ओळ जोडली: ‘वादळ सांगितलान तर पूर्ण भरा.’ मे 2021 मधलं तौक्ते तिच्या लक्षात होतं. तेव्हा विजेचे खांब आडवे झाले होते आणि घरातला शेवटचा मोबाइल बंद पडल्यावर बाहेरच्या जगाशी संबंधच उरला नव्हता.

आबांनी फिनिक्सची गोष्ट ऐकली आणि त्यांनी एकच निष्कर्ष काढला: ऊन म्हणजे शत्रू. त्यांनी गाडीसाठी गॅरेज बांधलं. तिन्ही बाजूंनी चिऱ्याच्या भिंती, पुढं शटर, वर पत्रा. झड आत यायला नको म्हणून वाऱ्याला एक फट ठेवली नाही. गाडीवर आतून मऊ, बाहेरून मेणकापडी असं दुहेरी कव्हर. सीटांवर शोरूमचं प्लास्टिक तसंच. वर मुंबईहून सिलिका जेलच्या पुड्यांचा डबा आणून त्यांनी तो मागच्या सीटवर ठेवला. कोकणातल्या आषाढाला सिलिका जेलच्या पुड्या! पण माणसाचा जीव जडला की तो असं काहीतरी करतोच, त्यात हसण्यासारखं काही नाही. गावाहून निघताना आबा गाडी शंभर टक्के भरून ठेवत. पोट भरलेलं असावं, हा त्यामागचा भाव. किल्ली डोंबिवलीच्या कपाटात.

भाईंच्या गाडीला गॅरेज नव्हतं. खळ्यातला माटव होता, वर चुडतांचं छप्पर. पावसाळ्यात पश्चिमेला झापांची झडी बांधली की झालं. बाकी तिन्ही बाजू मोकळ्या.

इथं एक सांगायला हवं. फिनिक्समध्ये पारा पंचेचाळिसाच्या पुढं जातो, पण हवा कोरडी असते. देवगडला समुद्र जवळ, मे महिन्यातही पारा सहसा पस्तीस-छत्तिसाच्या आसपासच राहतो. म्हणजे बॅटरी शिजवायची ताकद आपल्या उन्हात तितकी नाही. आपला खरा शत्रू घाम आणणारी हवा. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, चार महिने भिंतीला ओल, आणि वाऱ्यात कायम मीठ. तो शत्रू बॅटरीच्या आधी लोखंडाला, वायरींच्या टोकांना आणि रबराला खातो. आबांनी वाळवंटातल्या रोगावरचं औषध आणलं आणि ते किनाऱ्यावरच्या गाडीला दिलं.

भाईंना हा शत्रू पावसाळ्यात भेटला, ब्रेकमध्ये. विजेची गाडी पाय उचलला की मोटरलाच वीज बनवायला लावून वेग कमी करते आणि ती वीज परत बॅटरीत घालते. भाईंना याचं फार कौतुक. फोंडाघाट उतरताना काटा वर चढलेला ते पाहुण्यांना आवर्जून दाखवत. (बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असेल तर ही वीज जायला जागा नसते आणि उतारावर गाडी एकदम मोकळी सुटल्यासारखी वाटते; घाट उतरायच्या तोंडावर शंभर टक्के भरायची नाही, हेही त्यांना घाटातच कळलं.) पण मोटरच गाडी थांबवत असेल तर ब्रेकच्या तबकड्यांना काम उरत नाही. काम नसलेल्या लोखंडावर चार दिवसांत गंज चढतो. जुलैत एका सकाळी गाडी करकरत निघाली. मेकॅनिकनं चाक काढून दाखवलं: तबकडीच्या कडेला तपकिरी कड, आत चरे. उपाय असा सांगितला, की आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर मोटरची ओढ कमी करून खऱ्या ब्रेकनं चारपाच वेळा दाबून गाडी थांबवायची. भाई दर सोमवारी सड्यावर हे करतात. नवख्या पाहुण्याला वाटतं, यांना गाडी चालवता येत नाही.

कुणकेश्वरच्या जत्रेहून आले, की काकी गाडीखालून गोड्या पाण्याचा पाइप मारते. पुढच्या जाळीत अडकलेली पानं काढते, कारण त्या जाळीमागं एसीची नळ्यांची चौकट असते आणि केबिन थंड करणारा तोच गॅस बॅटरीचं पाणीही थंड करतो. एसी मंद पडला म्हणून माणूस काच खाली करून गाडी चालवू शकतो; बॅटरीला काच नसते. कॉजवेवर पाणी असेल तर भाई थांबतात. बॅटरीची पेटी मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकते असं पुस्तकात आहे, आणि ते खरंही आहे. पण ते स्वच्छ, उभ्या पाण्याबद्दल. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा गाड्या कशा एकावर एक चढल्या, ते ज्यांनी पाहिलं त्यांना पेटीचं कौतुक सांगू नये.

असं करत भाईंच्या गाडीचं आयुष्य चाललं होतं. दारावर गोठ्यातल्या म्हशीच्या शिंगाचा ओरखडा होता. डिकीत आंब्याच्या पेंढ्याच्या काड्या, सीटवर टॉवेल, आणि काही झालं तरी न जाणारा बांगड्याचा वास. आबा यायचे तेव्हा दोन्ही गाड्या एकदा शेजारी उभ्या करायचे. कुणी काही बोलायचं नाही. बोलायची गरजच नव्हती.

2024 च्या गणपतीनंतर आबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. शिमगा चुकला, मे महिना चुकला. ते आले ते थेट पुढच्या गणपतीला. भाई त्यांना आणायला कणकवलीला गेले. आबा पुढच्या सीटवर टॉवेल सारून बसले आणि वाटेत म्हणाले, ‘भाई, गाडी जरा बरी ठेवत जा. माझी बघ, अजून प्लास्टिक काढलेलं नाही.’

आधी घर उघडलं. दरवाजा फुगून चौकटीत बसला होता, दोघांनी खांदा लावला तेव्हा हलला. माजघरात वाळवीची माती उंबऱ्यावरून थेट खांबावर चढलेली. आबांनी पाहिलं आणि म्हणाले, ‘घराचं काय, हे होतंच. आधी गाडी काढूया, मूर्ती आणायला तीच नेऊ.’

शटर वर गेलं. कव्हर उचललं तर आतली बाजू ओली होती. रिमोट दाबला, काही नाही. पुन्हा दाबला. मुलीनं रिमोटच्या पोटातली लोखंडी किल्ली काढून दिली तेव्हा दार उघडलं, आणि आतून असा कोंदट वास आला की आबा दोन पावलं मागं सरकले. स्टिअरिंगवर हिरवट-पांढरी बुरशी. सीटबेल्टवर बुरशी. सिलिका जेलच्या पुड्या ओलसर. स्क्रीन काळी. इतकी मोठी बॅटरी पोटात असूनही गाडी जागी होत नव्हती, कारण तिला जागं करायचं काम बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीचं, तशी बॅटरी इतर गाड्यांतही असते, आणि ती वर्षभरात मरून पडली होती. गाडी चालली किंवा चार्जिंगला लागली, तरच मोठी बॅटरी छोटीला खाऊ घालते.

आबा म्हणाले, ‘तुझ्या गाडीवरून वायर जोडून चालू करू.’ मुलगी आडवी आली. पुस्तकात तसं करू नका असं ठळक लिहिलं होतं. वायरमन देवगडहून नवी छोटी बॅटरी घेऊन आला. बॉनेट उघडलं तर एका कोपऱ्यात कापूस, सुतळी आणि फराळाच्या पिशवीचे तुकडे यांचं उंदराचं घरटं. नारिंगी रंगाच्या जाड केबलला दात लागलेले नव्हते, हे नशीब. ‘नारिंगी वायरीक हात लावचो नाय,’ वायरमन म्हणाला, ‘तां माझा काम न्हय, कंपनीचा.’ त्यानं छोटी बॅटरी बसवली, गाडी जागी झाली, आणि आबांनी खूश होऊन ती पुढं घेतली. घेतली म्हणजे घ्यायला गेले. चाकं हललीच नाहीत. ब्रेक तबकड्यांना चिकटून बसले होते. जरा जोर दिल्यावर कडाड असा आवाज झाला, की काकीनं घरातून ‘काय मोडला?’ म्हणून हाक दिली.

मूर्ती भाईंच्या गाडीतून आली.

गौरी-विसर्जनानंतर दोघे भाऊ दोन्ही गाड्या घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले. आबांनी भाईंची गाडी मुद्दाम बरोबर न्यायला लावली. त्यांच्या मनात हिशेब होता: ब्रेक, बुरशी, छोटी बॅटरी, हे सगळं वरवरचं. खरी किंमत मोठ्या बॅटरीची. तिची वॉरंटी आठ वर्षांची. नऊशे किलोमीटर चाललेली आपली बॅटरी आणि कणकवलीच्या फेऱ्यांनी दमलेली भाईंची, यांचा आकडा शेजारीशेजारी आला की बोलायचं काही उरणार नाही.

तंत्रज्ञ पोरगा पंचविशीचा. त्यानं एकेका गाडीला लॅपटॉप जोडला. एसीचा गॅस आबांच्या गाडीत जवळजवळ नव्हता. वर्षभर कॉम्प्रेसर फिरला नव्हता, आणि एका सांध्यावरच्या गंजातून गॅस निघून गेला होता. म्हणजे बॅटरीला थंड करायची सोयही बंद. मग बॅटरीचा आकडा. दोन्ही गाड्यांत दोन टक्क्यांचाही फरक नव्हता.

आबांनी त्याला पुन्हा मोजायला लावलं. त्यानं मोजलं. तोच आकडा.

‘हिचे नऊशे किलोमीटर झालेत,’ आबा म्हणाले. ‘मी हिला उन्हात काढलेलीच नाही.’

‘काका, बॅटरी दोन तऱ्हेनं झिजते,’ पोरगा म्हणाला. ‘एक चालवल्यानं. दुसरी नुसत्या दिवसांनी. दुसरी झीज थांबत नाही, गाडी उभी असली तरी. शेवटची किती टक्क्यांवर सोडली होतीत?’

‘शंभर.’

‘वर पत्रा?’

आबा गप्प बसले. पोरग्यानं पुढं काही विचारलं नाही, उगाच समजावलंही नाही. अर्ध्यावर, चाळीस-पन्नास टक्क्यांवर सोडायची आणि हवेशीर ठेवायची, एवढं सांगून तो दुसऱ्या गाडीकडं गेला. मला तो पोरगा आवडला. एखाद्यानं या जागी प्रवचनच केलं असतं.

परतताना आबा भाईंच्या गाडीतून आले, त्यांची गाडी सेंटरमध्येच राहिली होती. नांदगाव तिठ्यापर्यंत दोघे काही बोलले नाहीत. मग आबांनी विचारलं, प्लगला हात लावून बघायचं ते काकीला कुणी शिकवलं? भाई म्हणाले, कुणी नाही. एकदा वास आला, तेव्हापासून बघते.

गाडी दुरुस्त होऊन आली त्या संध्याकाळी आबा किल्ली घेऊन खळ्यात आले. काकी कोकमं उन्हातून काढत होती. तिचा बचत गट आगळ आणि आंबावडी करतो, आणि माल देवगडच्या बाजारात न्यायला तिला दर वेळी भाईंची गाडी रिकामी असायची वाट बघावी लागते. गाडी चालवायला ती भाईंच्याच गाडीवर शिकलेली.

‘ही तू वापर,’ आबा म्हणाले. ‘आठवड्यातून दोनतीनदा तरी बाहेर काढ. एक अट. मासळी आणायची नाही.’

काकीनं कोकमाचं सूप खाली ठेवलं. ‘मासळी आनूची नाय, तर बाजारात जावचा कित्याक? ऱ्हवांदे तुमची गाडी.’

आबांनी भाईंकडं पाहिलं. भाईंनी माडाकडं पाहिलं.

‘बरं, मासळी आण. पण डिकीत. टोपात झाकून.’

‘आनि गॅरेजात ठेवूची नाय. आमच्या माटवात ठेवतलंय.’

‘ठेव.’

मग आबांनी खिशातून दुसरी किल्ली काढली, मोठी, पितळेची, आणि पहिलीच्या शेजारी ओट्यावर ठेवली. दर आठवड्याला खिडक्या उघडल्या आणि चूल एकदा पेटवली तरी पुरे, ते म्हणाले. पाहुणे जास्त आले तर माजघर भाईंनी खुशाल द्यावं. भाडं नको. भाईंनी लगेच विचारलं, वीजबिल कुणाचं? घराचं माझं, गाडीचं तुमचं, आबा म्हणाले. टायर? तीसुद्धा तुमची. भाई म्हणाले, टायर अर्धीअर्धी. विजेच्या गाडीची टायर लवकर जातात, वजन जास्त आणि ओढ एकदम. यावर दोघांचं चांगलंच वाजलं. शेवटी टायर आबांकडं गेली आणि वाळवीचं औषध भाईंकडं.

एवढा वेळ काकी गाडीचे कागद चाळत बसली होती. तिनं एक कागद उचलून उजेडात धरला.

‘आबानू, विमो संपलो हा. गेल्या दसऱ्याकच.’

‘बंदच होती गाडी, म्हणून...’

‘विमो भरल्याबगर मी रस्त्यार काढूचंय नाय.’

खळ्यात मोबाइलला रेंज येते ती तुळशीच्या दक्षिणेला दोन हात जागेत. आबा काठी टेकत तिथं जाऊन उभे राहिले, चष्मा कपाळावर ढकलला आणि फोन डोळ्यांजवळ धरला. मुलगी टॉर्च घेऊन गाडीच्या काचेशी वाकली होती.

‘चॅसिस नंबर सांग गो,’ आबा ओरडले. ‘सावकाश. एकेक अक्षर.’